दादाची नोकरी

आमचं दुकान एकच होतं, पण पाट्या दोन. डाव्या बाजूला माझा दादा किल्ल्या करायचा आणि उजव्या बाजूला मी कपडे दुरुस्त करायचे. पँटची लांबी कमी कर, चेन बदल, अंगाने सुटलेल्या माणसांचे कोट सैल कर, असली कामं. मधे प्लायवूडची आडभिंत होती, तीही कमरेएवढीच. त्यामुळे दादाच्या कानशीची करकर माझ्या मशीनच्या आवाजात मिसळायची, आणि त्याच्या गिऱ्हाइकांच्या गप्पा माझ्या गिऱ्हाइकांच्या गप्पांत.

नोकरी हा दादाचा प्रांत नव्हता. तरुणपणी तो एका कारखान्यात लागला होता. तिथल्या मुकादमाने एकदा त्याला शिट्टी मारून बोलावलं. दादाने हातातला पाना पुसला, जागेवर ठेवला, हात धुतले आणि घरी आला तो परत गेलाच नाही. "शिट्टीवर यायला मी काय कुत्रा आहे?" एवढंच म्हणाला. पुढे त्याने स्वतःचं दुकान काढलं आणि अर्धं मला दिलं. दुपारी डोळा लागला तर शटर अर्धं खाली ओढायचं. गिऱ्हाईक उर्मट निघालं तर "आज मशीन बंद आहे" म्हणायचं. गल्लीत सगळे त्याला 'मालक' म्हणत. सुरुवात थट्टेत झाली होती, पण हळूहळू तेच त्याचं नाव पडलं आणि त्यालाही ते आवडायला लागलं.

वहिनी दाताच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर होती. घरातला साबण संपायच्या आधी नवा साबण आणणारी बाई. दादा आजचा विचार करायचा, वहिनी पुढच्या वर्षीचा, आणि दोघांचं उत्तम चाललं होतं.

त्यांची एकच मुलगी. जन्मली तेव्हा इतकी गोल आणि एवढीशी होती की मीच तिला 'बटण' म्हणाले आणि ते चिकटलं. दहावीत गेल्यावर तिने सगळ्यांना बजावलं, की आता हे नाव बंद. आम्ही "हो, हो" म्हणालो आणि बटणच म्हणत राहिलो.

ती शाळा सुटली की दुकानात यायची. एका दुपारी एक गृहस्थ किल्ली घेऊन आले. त्यांचा उजवा हात कृत्रिम होता आणि त्या बोटांत घराची बारीक किल्ली धरली जात नव्हती. दादाने किल्लीच्या डोक्याला पितळेचा रुंद तुकडा जोडून दिला. पण बटणचं लक्ष किल्लीकडे नव्हतंच. "काका, हा हात कोण करतं?" तिने विचारलं. गृहस्थ हसले, बाही वर करून त्यांनी तिला तो हात दाखवला, पट्टे कुठून कसे जातात ते दाखवलं, आणि म्हणाले, "करणारे फार थोडे आहेत, म्हणून तर जो मिळेल तो वापरावा लागतो."

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात दुसरं काही शिरेना. मला कृत्रिम हात-पाय करायला शिकायचंय, बस. मुलांचं असं असतंच, दोन महिन्यांनी विमान चालवायचं म्हणेल, असं आम्हाला वाटलं. पण वर्ष सरलं तरी ती तेच म्हणत होती, आणि तोवर कुठली कॉलेजं हे शिकवतात, काय विषय लागतात, सगळं तिने शोधून काढलं होतं. असली कॉलेजं मोजकीच. त्यातलं एक आमच्याच गावात निघालं, टेकडीवरचं मोठं कॉलेज. आम्ही त्याच्या फाटकासमोरून बसने शेकडो वेळा गेलो होतो. आत जायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मग शाळेने पालकांची सभा घेतली. विषय होता, मुलांच्या कॉलेजची आतापासून तयारी कशी करायची. दादा, वहिनी आणि मी तिघं गेलो. छोट्या बाकांवर गुडघे आखडून बसलो. समुपदेशक बाईंनी पडद्यावर एकेका कॉलेजचा खर्च दाखवायला सुरुवात केली. टेकडीवरच्या कॉलेजचा आकडा आला तेव्हा दादा माझ्या कानाला लागून म्हणाला, "एवढ्यात कॉलेज विकत मिळत असेल गं." मी हसले. वहिनी हसली नाही. तिने हात वर केला आणि शिष्यवृत्तीबद्दल विचारलं, कर्जाबद्दल विचारलं, हप्ते पाडून मिळतात का ते विचारलं. बाकीचे पालक घड्याळाकडे बघायला लागले, तरी तिचे प्रश्न संपेनात.

पुढचे काही महिने वहिनीने त्या एका गोष्टीचा पिच्छा पुरवला. गरिबांसाठीच्या शिष्यवृत्त्यांत आम्ही बसत नव्हतो, कारण दोघं कमावते आणि वर दुकान. हुशार मुलांसाठीच्या शिष्यवृत्त्यांत बटण बसली असती तर अगदी काठावर, आणि त्यांतून फीचा एक कोपराच भागला असता. कर्ज मिळत होतं, पण कर्जाचं नाव काढलं की दादाचा चेहरा पडायचा. आमच्या वडिलांचं अख्खं आयुष्य एका कर्जापायी गेलं होतं, ते आम्ही दोघांनी जवळून बघितलं होतं. वहिनीला हे माहीत होतं. तिने कर्जाचा विषय दुसऱ्यांदा काढला नाही.

आणि मग एक दिवस उत्तर चालत तिच्या टेबलाशी आलं. टेकडीवरच्या कॉलेजचा माळी दाढ काढून घ्यायला आला होता. इंजेक्शनने अर्धं तोंड बधिर, गालात कापूस, आणि बिलाची वाट बघत बसलेला. वहिनीने सहज विचारलं, "मुलं काय करतात?" माळी कापसातून म्हणाला, "होनही हिकले. आनच्याच हॉलेजात."

"दोन्ही शिकली? तुमच्याच कॉलेजात?" वहिनी खुर्चीतून उठलीच. "फी कशी भरलीत?"

"फी हाफ."

"हाफ? म्हणजे अर्धी?"

माळ्याने जोरजोरात मान हलवली, कापूस काढला आणि हनुवटी धरून एकेक अक्षर उच्चारलं, "मा-फ. कामाला असलं की मुलांची फी माफ."

वहिनीने त्याला पाणी दिलं, सुन्नपणा उतरेपर्यंत बसवून ठेवलं आणि सगळं विचारून घेतलं. कॉलेजात कायम नोकरीत असलेल्या कुणाच्याही मुलाची फी माफ होती, मग तो प्राध्यापक असो की माळी. प्रवेश मात्र स्वतःच्या गुणांवर मिळवायचा. आणि एक अट होती. मूल प्रवेश घेईल तेव्हा आईवडिलांपैकी कुणाची तरी दोन वर्षं नोकरी पुरी झालेली असली पाहिजे. बटणची दहावी संपत आली होती.

वहिनीने आधी स्वतः प्रयत्न केला, आणि ते तिने घरात कुणाला सांगितलं नाही. सुट्टी काढून ती तिथल्या कचेरीत दोनदा जाऊन आली. बसून करायच्या प्रत्येक कामाला त्यांना पदवी हवी होती. ती तिच्याकडे नव्हती. दुसऱ्या खेपेला मात्र तिला बाहेरच्या फलकावर दिसलं, की देखभाल विभागात दारं, कुलपं आणि किल्ल्या सांभाळणारा माणूस हवाय. कायम नोकरी.

ती तडक माझ्याकडे आली. दादा बाहेर कुणाचं तरी दार उघडायला गेला होता. तिने मला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मी हे त्यांना कसं विचारू? तूच सांग. सगळी गल्ली ज्यांना मालक म्हणते त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू, की दुसऱ्याकडे कामाला जा?"

"नका विचारू," मी म्हणाले. "वहिनी, तो मरेल तिथे."

"मलाही तसंच वाटतं," ती म्हणाली. पण त्याच दिवशी जेवताना तिने विचारलंच. मी तिथे होते. तिने आडवळण घेतलं नाही; नोकरी काय आहे, अट काय आहे, दिवस किती थोडे उरलेत, सगळं सरळ सांगितलं. दादा घास हातात धरून ऐकत होता. मग म्हणाला, "मी? नोकरी?" आणि ताट तसंच ठेवून चपला घालून बाहेर गेला.

बटण रडवेली झाली. "आई, कशाला विचारलंस? मला नको ते कॉलेज."

"तू गप्प बैस," वहिनी म्हणाली. "तुझ्यासाठीच चाललंय आणि तुझ्यापासून चोरून करायचं, असलं मला जमायचं नाही. सगळं तुझ्यासमोर होईल. ते नाही म्हणाले तर नाही. पुन्हा विषय निघणार नाही."

नंतरचा आठवडा दादा माझ्याशीही धड बोलला नाही. त्याच्या हातून किल्ल्या चुकायला लागल्या. कापलेली किल्ली उजेडात धरायचा, टाकून द्यायचा, दुसरी घ्यायचा. गिऱ्हाइकांवर कारण नसताना खेकसायचा. मी मान खाली घालून शिवत राहिले. मनातून मला त्याचंच बरोबर वाटत होतं.

मग एका दुपारी मशीन बंद करून तो आडभिंतीवर कोपरं टेकून उभा राहिला. बराच वेळ माझ्या भागाकडे बघत होता.

"तुझं मशीन इथे, माझ्या जागी आणलं," तो म्हणाला, "तर तुला खिडकीचा उजेड मिळेल ना?"

मी वर बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, खिडकीकडे बघत होता.

"मिळेल," मी म्हणाले.

"मग झालं तर," दादा म्हणाला. "डोळे खराब करतेस उगाच त्या कोपऱ्यात."

एवढंच. माझ्या भावाने त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय मला असा सांगितला. घरी वहिनीला कसा सांगितला ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली आणि त्याची हत्यारं पुसून पेटीत भरू लागली. दोघं एकमेकांकडे न बघता एकेक कानस फडक्यात गुंडाळत होते. त्या दिवशी मला त्यांचा हेवा वाटला. मी लग्न केलं नाही आणि त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही, पण तेव्हा वाटलं.

कॉलेजने त्याला करड्या रंगाचा गणवेश दिला. पँट लांब, सदरा खांद्यात सैल. मी तो उसवून त्याच्या मापाचा करून दिला. घालून तो आरशासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "पोस्टात लागल्यासारखा दिसतोय." बटण म्हणाली, "बाबा, छान दिसताय." तो म्हणाला, "खोटं बोलायला आत्याने शिकवलं का?"

पहिले महिने त्याला जड गेले. त्याचा साहेब त्याच्यापेक्षा कितीतरी लहान, पोरगेलासा माणूस. वाईट नव्हता, पण प्रत्येक कामाची वेळ लिहून मागायचा. दादाला कुलूप उघडायला पाच मिनिटं लागत आणि ते कागदावर उतरवायला पंधरा. सर्वांत अवघड होतं रजा मागणं. आयुष्यात त्याने कुणाकडे रजा मागितली नव्हती, त्यामुळे एकदा अंगात सणसणून ताप असताना तो तसाच कामावर गेला. रजेचा अर्ज 'विनंती आहे की' असा सुरू करायचा असतो, आणि ते शब्द त्याच्या हाताला येईनात. शेवटी साहेबानेच कपाळाला हात लावून बघितला आणि त्याला घरी पाठवलं.

घरी तो याबद्दल तक्रारीचा शब्द काढत नसे. हे सगळं मला कळायचं ते माळ्याकडून. कोट सैल करायला तो आता माझ्याकडे येऊ लागला होता. माळी म्हणायचा, "तुमचा भाऊ कमी बोलतो, पण हॉस्टेलच्या पोरी त्याच्यावर खूश आहेत. किल्ली हरवून बाहेर अडकल्या, की दुसरा कुणी आला तर आधी रागावतो. हा आधी दार उघडतो आणि मग रागावतच नाही."

अकरावी गेली. बारावी सुरू झाली. बटण अभ्यास करत होती, पण तिचा चेहरा बारीक होत चालला. मला वाटलं अभ्यासाचा ताण. एक दिवस ती दुकानात आली आणि कात्रीशी चाळा करत बसली.

"आत्या, मला आता ते शिकायचंच नाही असं म्हणाले तर?"

"खरंच शिकायचं नाही?"

तिने कात्री खाली ठेवली आणि एकदम म्हणाली, "मला प्रवेशच नाही मिळाला तर? बाबांनी दुकान सोडलं. ते रोज सकाळी तो गणवेश घालतात ना, मला बघवत नाही गं. मी नापास झाले तर ते सगळं वाया. त्यापेक्षा मीच आधी नको म्हणते."

मी म्हणाले, "हे मला सांगून काय उपयोग? ज्याचं वाया जाणार आहे त्याला जाऊन सांग."

ती खरंच गेली. दुसऱ्याच दिवशी, शाळा बुडवून, टेकडीवर. पुढे काय झालं ते मला दादानेही सांगितलं आणि तिनेही. दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच, की ती म्हणते ती रडली नाही.

दादाची खोली तळघरात होती. भिंतीभर किल्ल्या टांगलेल्या, मधे लांब टेबल, आणि टेबलाशी माळी, सुतार, एक इलेक्ट्रिशियन बाई आणि दादा डबे उघडून बसलेले. बटणला दारात बघून बाकीचे तिघं काहीतरी काम आठवल्यासारखे उठून गेले. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. दादाने ऐकून घेतलं, तिला बसवलं, आपला डबा तिच्यापुढे सरकवला.

"हे बघ," तो म्हणाला, "दुकान गेलं ते मी दिलं. कुणी माझ्याकडून काढून नाही घेतलं. आणि दिलेल्या गोष्टीचा मी हिशेब मागत नाही, तुझ्याकडे तर नाहीच."

"पण बाबा, तुम्हाला हे आवडत नाही."

"पहिलं वर्ष नाही आवडलं," दादा म्हणाला. "पण दुकानात मी एवढी वर्षं एकट्याने डबा खाल्ला. तुझी आत्या जेवताना मासिक वाचते, ती काय बोलणार? इथे तो सुतार रोज माझ्याशी भांडतो. मला ते बरं वाटतं. तर ते सोड. मुद्दा असा, की परीक्षा माझ्यासाठी देऊ नकोस. आणि माझ्यासाठी सोडूही नकोस. तुला ते हात-पाय करायचेत की नाही?"

"करायचेत."

"मग जेव, आणि शाळेत जा."

मासिकाचं त्याने म्हटलं ते मला लागलं. पण खोटं नव्हतं.

बटणने प्रवेशाची परीक्षा दिली. पेपर बरे गेले, असं ती म्हणाली. वहिनीने मात्र बरे-वाईट काही विचारलं नाही. ती त्या दिवसांत दुसरंच काहीतरी शोधत होती. दवाखान्यातून दुपारी फोन लावायची, त्याच कॉलेजात आणखी काय काय शिकवतात ते विचारून घ्यायची. मी म्हणाले, "वहिनी, निकाल तरी लागू द्या." ती म्हणाली, "निकाल लागल्यावर सगळेच धावतात गं. मला आधी धावलेलं बरं."

निकाल लागला. बटणचं नाव प्रवेशयादीत नव्हतं, प्रतीक्षायादीत होतं. वर कुणी जागा सोडली तर हिला मिळणार. घरात कुणी कुणाला दोष दिला नाही, पण सगळे हलक्या पावलांनी चालायला लागले.

त्याच आठवड्यात प्रवेश कचेरीतल्या लोखंडी कपाटाचं कुलूप अडकलं. दादाला बोलावणं आलं. कपाटात यंदाचे सगळे अर्ज होते आणि कचेरीच्या प्रमुख बाई हवालदिल होऊन उभ्या होत्या. दादाने कपाट उघडून दिलं, नवं कुलूप बसवलं. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या मनापासून म्हणाल्या, "तुम्ही आज मला वाचवलंत. तुमचं कधी काही काम असलं तर संकोच करू नका, सांगा." दादा "बरं" म्हणाला, सही घेतली आणि तळघरात परत आला.

हे त्याने आम्हाला जेवताना सांगितलं, अगदी सहज. मी तडकले. "अरे, मग सांगायचंस ना! एक शब्द टाकायचास! तुझी मुलगी त्यांच्याच यादीत लटकलीय आणि त्या स्वतःहून विचारतायत!"

"कपाट उघडून देणं माझं काम आहे," दादा म्हणाला. "आत हात घालणं नाही."

"हात घालायला कोण सांगतंय? नुसतं बोलायचं!"

"तेच ते."

मी मदतीसाठी वहिनीकडे बघितलं. दोन वर्षं या एकाच गोष्टीसाठी जिने जिवाचं रान केलं होतं, ती बाई काहीतरी बोलेल असं मला वाटलं. तिने दादाच्या ताटात आणखी वाढलं. "बरोबर केलंत," म्हणाली. आणि बटण, जी गेले चार दिवस नीट जेवली नव्हती, तिने आपलं ताट पुढे केलं आणि म्हणाली, "आई, मलाही."

मी तिघांकडे बघत बसले. ह्यांच्यात मीच एकटी कच्ची, असं वाटलं, आणि गंमत म्हणजे त्याचं दुःख झालं नाही. अभिमान वाटला.

यादी सरकत सरकत बटणच्या अगदी जवळ आली आणि थांबली. प्रवेश बंद झाले. त्या वर्षी तिला जागा मिळाली नाही.

त्या दुपारी ती खोलीचं दार लावून बसली. वहिनीने तिला हवं तेवढं रडू दिलं आणि मग चहा घेऊन आत गेली. मी पाठोपाठ गेले. वहिनी म्हणाली, "ऐक. त्याच विभागात कार्यशाळेचा दोन वर्षांचा डिप्लोमा आहे. साचे घ्यायचे, पाय घडवायचे, पट्टे बसवायचे, सगळं हाताने. पदवीवाले कागदावर काढतात, हे लोक बनवतात. अर्ज अजून चालू आहेत. कर्मचाऱ्यांच्या मुलांना त्यालाही फी माफ आहे. दोन वर्षांनी चांगले गुण असले तर पदवीच्या मधल्या वर्गात घेतात. मोठं नाव नाही त्याला, हे आधीच सांगते. घ्यायचा की पुढच्या वर्षी परत परीक्षा द्यायची, ते तू ठरव."

बटणने नाक पुसलं. "हे तू कधी शोधलंस?"

"तू पेपर देत होतीस तेव्हा."

"म्हणजे तुला वाटलंच होतं मी पडणार!"

"मला काही वाटलं नव्हतं," वहिनी म्हणाली. "छत्री घेऊन निघणाऱ्याला पाऊस हवा असतो, असं नाही."

बटणने विचार करायला फार वेळ घेतला नाही. तिच्या वर्गातली काही मुलं डिप्लोमा म्हटल्यावर नाक मुरडणार, हे तिला माहीत होतं, आणि त्यांनी ते मुरडलंही. पण ती म्हणाली, "मला पाय करायचेत ना? मग जिथे करतात तिथे जाते."

आणि ती गेली. पहिल्या दिवसापासून घरी येताना तिच्या केसांत प्लास्टर, नखांत प्लास्टर. सुरुवातीचे साचे तडकायचे. एका म्हाताऱ्या रुग्णाने तिचा पहिला पाय घालून दोन पावलं टाकली, काढून ठेवला आणि म्हणाला, "बाई, ह्याच्यापेक्षा काठी बरी." तिसऱ्या दिवशी ती त्याच्याच घरी गेली, तो कसा बसतो, कसा उठतो, पायरी कशी चढतो ते बघत बसली, आणि पाय पुन्हा केला. तो त्याने ठेवून घेतला. चांगला आहे असं काही म्हणाला नाही, पण ठेवून घेतला. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिचे गुण असे आले की पदवीच्या वर्गात घेण्यासाठी कुणापुढे काही बोलायची वेळच आली नाही. आता ती तिथे शिकतेय. फी अजूनही माफ आहे, आणि दादा अजूनही तळघरात सुताराशी भांडत डबा खातो. दुकानात परत यायचं का, असं मी त्याला मधे विचारलं होतं. "बघू," म्हणाला. त्याच्या 'बघू'चा अर्थ नाही असा असतो.

गेल्या महिन्यात बटणने मला कार्यशाळेत बोलावलं. एका निवृत्त शिक्षिकेसाठी ती हात करत होती आणि खांद्यावरून जाणारा पट्टा बाईंना काखेत काचत होता. "आत्या, शिलाई बाहेरच्या अंगाला घेता येईल का गं?" मी माझी पेटी घेऊन गेले. आम्ही दोघी शेजारी बसलो, मी पट्टा उसवला, तिने माप धरलं. काख म्हणजे काख, कोटाची असो की पट्ट्याची, ते मला नवीन नव्हतं. पण त्या बाईंशी ती ज्या तऱ्हेने बोलत होती, ते मात्र मी तिला शिकवलं नव्हतं. पट्टा घालायच्या आधी ती दर वेळी विचारायची, "हात लावू?" आणि त्या हो म्हणेपर्यंत थांबायची.

तेवढ्यात दादा आला. मुद्दाम नव्हे, कार्यशाळेच्या दाराची कडी सैल झाल्याची तक्रार होती. तो गुडघ्यांवर बसून कडी लावू लागला. इकडे बाईंनी नवा पट्टा चढवला, खांदा हलवून बघितला, आणि समोरच्या टेबलावरचा कप दोन्ही हातांनी उचलला. ओठांपर्यंत नेला. दादा स्क्रू फिरवायचा थांबला होता.

बाईंनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "चहा गार झालाय," म्हणाल्या.

बटण हसली आणि कप घ्यायला पुढे झाली. "द्या, मी गरम करून आणते."

"राहू दे," बाई म्हणाल्या, आणि कप तसाच दोन्ही हातांत धरून उठल्या. "शेगडी कुठंय तेवढं सांग."

दादा दारातून बाजूला सरला आणि त्यांना वाट करून दिली.